फर्मानात नसलेला वळू

१ नोव्हेंबर १५६७ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोप पायस पाचवे यांनी रोममधून एक आज्ञापत्र काढले. वळूंशी आणि हिंस्र पशूंशी झुंजण्याचे खेळ यापुढे ख्रिस्ती मुलखांत कायमचे बंद, असा त्यातला हुकूम होता. हुकूम मोडणाऱ्याचे काय होईल, तेही त्यातच लिहिलेले होते. आपल्या हद्दीत असा खेळ होऊ देणारा राजा असो, सम्राट असो की कार्डिनल, तो त्या क्षणी धर्मबहिष्कृत. रिंगणात उतरलेला माणूस तिथेच गतप्राण झाला तर त्याला ख्रिस्ती दफन नाही. धर्मगुरूंना खेळ बघायलाही मज्जाव. रोगराई टळली, पाऊस वेळेवर पडला, तर अमुक संताच्या सणाला वळूंचा खेळ करू, असे नवस त्या काळी गावेच्या गावे बोलत. ते सगळे नवस पोपने एका फटक्यात रद्दबातल ठरवले. असले खेळ माणसांना नव्हे, सैतानाला शोभणारे आहेत, अशा अर्थाची जळजळीत भाषा त्यात आहे. कॅथलिक धर्म आणि मुक्या प्राण्यांविषयीची दया हा विषय निघाला, की अस्सिसीच्या संत फ्रान्सिसच्या पाठोपाठ हे आज्ञापत्र हटकून पुढे केले जाते. पुरावा अस्सल आहे. पण तो ज्या गोष्टीचा म्हणून दिला जातो, त्या गोष्टीचा नाही, असे मला वाटते. या फर्मानात वळू येतो तो माणसाचा जीव घेणारे जनावर म्हणून. स्वतः वेदना भोगणारा जीव म्हणून तो त्यात कुठेच नाही. आणि पुढच्या तीस वर्षांत ही बंदी जवळजवळ नामशेष झाली, त्याचे एक मोठे कारण मला नेमके इथे दिसते.

बंदी कशावर होती, हे आधी नीट पाहायला हवे, कारण आज माद्रिदच्या रिंगणात दिसणारा झगमगीत पोशाखातला, पायी लढणारा मातादोर तेव्हा जन्माला यायचा होता. सोळाव्या शतकातला खेळ सरदारांचा होता, आणि तो घोड्यावरून खेळला जाई. गावाच्या मुख्य चौकाची तोंडे फळ्या ठोकून बंद करायची, भोवतीच्या सज्जांत राजघराणे, सरकारी अधिकारी आणि धर्मगुरू बसायचे, आणि आत सोडलेल्या वळूवर घोडेस्वाराने भाला चालवायचा. वळूचे शिंग आधी घोड्याच्या पोटात शिरे. आतडी लोंबत असतानाही घोडा पळवला जाई. खाली पायी असलेले लोक टोकदार बाण फेकून वळूला चिथावत. वळू थकला तरी मरत नसेल तर त्याच्यावर कुत्रे घातले जात, नाहीतर लांब दांड्याला बसवलेले अर्धचंद्राकृती पाते घेऊन मागून त्याच्या पायांच्या शिरा कापत. मग तो बसला की गर्दी तुटून पडे. राजपुत्राचा जन्म, राजाचे आगमन, गावच्या संताचा सण, यांपैकी काहीही निमित्त पुरे. १५२७ मध्ये पुत्र झाला म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सने वायादोलिदच्या चौकात स्वतःच्या भाल्याने वळू मारला. ज्याच्या जन्माचा तो आनंद होता तो मुलगा पुढे फिलिप दुसरा झाला, आणि पायस पाचव्यांच्या हुकमाशी गाठ त्याचीच पडायची होती. रोमलाही हे खेळ परके नव्हते. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडल्याचा उत्सव कार्डिनल रोद्रिगो बोर्जा यांनी रोममध्ये वळूंच्या खेळाने साजरा केला, आणि त्याच वर्षी ते पोप झाले.

अशा रोममध्ये अंतोनियो गिस्लिएरी नावाचा, लहानपणी मेंढ्या राखलेला, चौदाव्या वर्षी डोमिनिकन मठात गेलेला माणूस १५६६ मध्ये पोप होतो आणि दोन वर्षांच्या आत वळूंच्या खेळावर हत्यार उपसतो. मऊ मनाचा माणूस म्हणून त्याचे चित्र रंगवण्याचा मोह आवरायला हवा. गिस्लिएरी पोप होण्यापूर्वी धर्मन्यायसभेचे प्रमुख होते. पोप झाल्यावर त्यांनी १५६९ मध्ये रोम आणि अँकोना वगळता आपल्या राज्यातून यहुद्यांना हाकलले, १५७० मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथला बहिष्कृत केले, आणि १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईमागची युतीही त्यांनीच जुळवली. ट्रेंटची धर्मसभा १५६३ मध्ये संपली होती. तिचे सुधारणेचे ठराव अमलात आणायचे, चर्चला शिस्त लावायची, हा त्यांचा ध्यास. वळूंवरचे आज्ञापत्र याच शिस्तीतून आले. त्याची सुरुवातच ट्रेंटने द्वंद्वयुद्धावर घातलेल्या बंदीची आठवण देऊन होते. ट्रेंटच्या सभेने द्वंद्व खेळणाऱ्याला, खेळू देणाऱ्या राजाला आणि त्यात मेलेल्याच्या दफनाला ज्या शिक्षा ठरवल्या होत्या, त्याच साच्यात पायस पाचव्यांनी वळूंचा खेळ बसवला. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. द्वंद्वात माणूस कबुलीजबाब न देता, पापाच्या अवस्थेत, निष्कारण मरतो. त्याच्या आत्म्याचे तारण धोक्यात येते. वळूपुढे उभा राहणाराही तसाच मरतो. म्हणजे या विचारात वळूची जागा तलवारीची आहे. तलवारीला दुखते का, असे द्वंद्वावर बंदी घालणारा विचारत नाही.

हा एका पोपचा विसराळूपणा नव्हता. त्यामागे भक्कम शास्त्र होते. ज्या १५६७ साली हे आज्ञापत्र निघाले, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पायस पाचव्यांनी आपल्याच पंथाच्या थॉमस अक्वायनसना चर्चचे आचार्य म्हणून घोषित केले होते. प्राण्यांबद्दल अक्वायनस काय सांगतात? प्राण्यांना विवेक नाही, ते माणसाच्या उपयोगासाठी आहेत, त्यांना मारण्यात स्वतंत्र असे पाप नाही. त्यांच्याही आधी ऑगस्टिननी हत्येची आज्ञा माणसापुरती आहे, पशूंना ती लागू नाही, असे निकालात काढले होते. पण बायबलमध्ये जनावरांशी क्रूर वागू नका असे सांगणारी वचने आहेत, त्यांचे काय करायचे? अक्वायनसांचे उत्तर असे, की पशूशी निष्ठुर वागणारा उद्या माणसाशी निष्ठुर वागेल, आणि पशूवर दया करायला शिकलेला माणसावरही सहज दया करील. दया शिकायची आहे ती माणसासाठी; पशू हा तिच्या सरावाचा आखाडा. हा विचार तुच्छ मानण्याचे कारण नाही. शतकानुशतके शेतकऱ्याला बैलाच्या पाठीवर चाबूक आवरायला सांगताना धर्मगुरूंनी तोच वापरला, आणि त्यातून काही पाठी वाचल्याही असतील. तरीही त्याची एक अडचण आहे. बंदीमागचे कारण माणूस असेल, तर माणसाची काळजी दुसऱ्या वाटेने घेतली की बंदीचे कारण संपते.

घडले ते तसेच. फिलिप दुसऱ्याने हे आज्ञापत्र स्पेनमध्ये जाहीरच होऊ दिले नाही. रोमचा कागद राजाच्या परवानगीशिवाय लागू करायचा नाही, ही तिथल्या दरबाराची जुनी सवय होती, आणि फिलिपसारखा कडवा कॅथलिक राजाही या बाबतीत रोमपुढे वाकत नसे. दरबाराची बाजू अशी, की हा खेळ पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, तो बंद केला तर लोक खवळतील, शिवाय सरदारांना घोडा आणि भाला यांचा सराव होतो तो इथेच. पायस पाचवे १५७२ मध्ये वारले. त्यांच्यानंतर आलेल्या ग्रेगरी तेराव्यांनी १५७५ मध्ये, फिलिपच्याच विनंतीवरून, सामान्य लोकांवरची धर्मबहिष्काराची शिक्षा उठवली. धर्मगुरूंवरची बंदी कायम राहिली. अटी घातल्या त्या अशा, की खेळ सणाच्या दिवशी होऊ नयेत, आणि कोणाचा जीव जाणार नाही याची शक्य तेवढी खबरदारी घ्यावी. दुसरी अट पुन्हा वाचावी. 'कोणाचा' या शब्दात माणूसच अभिप्रेत होता हे सांगायला नको, कारण खेळाचा शेवट वळूच्या मरणातच होत असे. आठ वर्षांपूर्वी ज्याला सैतानाचा खेळ म्हटले, तो आता खबरदारी घेतली की चालणारा खेळ झाला. आणि ग्रेगरींनी पायस पाचव्यांचा तर्क मोडला असेही म्हणवत नाही. माणसाच्या जिवाचा धोका हे कारण, तो कमी करा, बंदी सैल होईल, असा तो तर्क त्यांनी शेवटपर्यंत नेला.

यानंतरची घसरण झपाट्याची आहे. सालामांका विद्यापीठातले काही अध्यापक, म्हणजे धर्मगुरूच, खेळांना उघड हजर राहू लागले, आणि धर्मगुरूंनी खेळ बघण्यात काही गैर नाही असे शिकवूही लागले. सिक्स्टस पाचव्यांनी १५८६ मध्ये सालामांकाच्या बिशपला पत्र लिहून त्यांना आवरायला सांगितले. दहा वर्षांनी, जानेवारी १५९६ मध्ये, क्लेमेंट आठव्यांनी उरलेल्या बहुतेक शिक्षाही काढून टाकल्या. भिक्षू संघांतल्या साधूंपुरता मज्जाव तेवढा ठेवला. स्पेनच्या लोकांना युद्धाचा सराव होतो, हे कारण आता खुद्द पोपच्या कागदात आले. फर्मानाला एकोणतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पायस पाचवे १७१२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्यांच्या या हुकमाची तोवर कोणाला फारशी आठवणही उरली नसावी.

यावर पहिला आक्षेप इतिहासकाराचा असेल, आणि तो वजनदार आहे. बंदी तर्कामुळे पडली नाही, सत्तेमुळे पडली, असे तो म्हणेल. स्पेनच्या चांदीवर आणि सैन्यावर पोपचा युरोपातला सगळा डाव उभा होता. ज्या राजाच्या आरमाराने लेपांतो जिंकले त्याला वळूंवरून कोण दुखावणार? फर्मानात वळूच्या वेदनेवर दहा कलमे असती तरी फिलिपने तो कागद खणात टाकला असता. हे मला मान्य आहे. पण सत्ता काय मिळवते आणि कोणत्या शब्दांत मिळवते, या दोन गोष्टी वेगळ्या. माघार घेताना चर्चला आपली अब्रू राखायची होती, आणि ती राखता आली, कारण मूळ हुकमातच माघारीची वाट होती. खबरदारी घ्या, सण टाळा, साधूंना आवरा, एवढे म्हटले की तत्त्व शाबूत आणि राजाही खूश. द्वंद्वयुद्धाच्या बंदीला अशी वाट नव्हती. द्वंद्वात मरणारे दोघेही माणसे; एकाला वाचवायची खबरदारी म्हणजे द्वंद्वच न होणे. म्हणून सरदारांनी ती बंदी हवी तेवढी मोडली, तरी जपून द्वंद्व खेळा असे रोमला कधी लिहावे लागले नाही. वळूच्या खेळात एका बाजूचा जीव हिशेबातच नव्हता, म्हणून दुसऱ्या बाजूचा सांभाळला की भागत होते.

दुसरा आक्षेप काळाचा. सोळाव्या शतकातल्या माणसाकडून एकविसाव्या शतकातली प्राणिदया मागणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. वळूच्या वेदनेची कल्पनाच तेव्हा कोणाला नव्हती, असे त्यात गृहीत आहे, आणि ते गृहीत टिकत नाही. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये, हा नियम बायबलच्या जुन्या करारातच आहे. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांत आहे. योनाच्या पुस्तकाचा शेवट निनवे शहरातल्या माणसांबरोबर तिथल्या गुराढोरांची आठवण काढून होतो. राणी इसाबेलाने १४९० च्या दशकात वळूंच्या खेळाबद्दलची आपली नावड कबुलीगुरूला लिहून कळवली होती. व्हॅलेन्सियाचे आर्चबिशप, व्हिलानोव्हाचे संत थॉमस, यांनी पायस पाचव्यांच्या कितीतरी आधी या खेळांविरुद्ध प्रवचने केली, आणि जेझुइट इतिहासकार हुआन दे मारियाना यांनी १६०९ मध्ये, बंदी उठल्यावरही, खेळतमाशांवरच्या आपल्या निबंधात त्यांना झोडपले. खुद्द रोममध्ये पायस पाचव्यांच्या डोळ्यांदेखत संत फिलिप नेरी वावरत होते; त्यांच्या जनावरांवरच्या मायेच्या गोष्टी लोकांत प्रसिद्ध होत्या. स्पेनच्याच ताब्यातल्या लिमा शहरात १५७९ मध्ये जन्मलेले मार्टिन द पोरेस, पायस पाचव्यांच्याच डोमिनिकन पंथातले सेवक, जखमी कुत्र्यांना मलमपट्टी करत, मठातल्या उंदरांना विष घालण्याऐवजी बागेत नेऊन खायला घालत. कुत्रा, मांजर आणि उंदीर त्यांच्याकडे एकाच ताटलीत जेवले, ही कथा तर त्यांच्या प्रत्येक चित्रात आहे. तेव्हा करुणेचा दुष्काळ नव्हता. पण ती सगळी संतांच्या चरित्रात राहिली. मार्टिनचा उंदीर हे मार्टिनच्या पावित्र्याचे लक्षण ठरले. उंदराला काही देणे लागते असे त्यातून कोणी काढले नाही. चर्चचा कायदा लिहिणारे अक्वायनसांचे पान उघडत, आणि संतचरित्र वेगळ्या कपाटात राही.

थोडे उलटही तपासू. अक्वायनसांच्या चौकटीत राहूनही बंदी टिकवता आली असती का? आली असती, आणि हे मान्य केल्याशिवाय हा लेख पायस पाचव्यांवर अन्याय करील. त्यांच्या फर्मानात दोन आधार आहेत. एक, रिंगणात उतरणाऱ्याचा जीव आणि आत्मा. दुसरा, हे दृश्यच ख्रिस्ती धर्मभावनेला आणि प्रेमाला सोडून आहे, हा. दुसरा आधार बघणाऱ्याबद्दल आहे. धर्मगुरूंना बघायलाही मनाई होती ती यासाठीच. निष्ठुरतेची सवय लागते, हा अक्वायनसांचा मुद्दा इथे चपखल लागू पडला असता. हजारो माणसे सज्जांत बसून शिरा कापलेल्या वळूला खुरडताना बघतात आणि हसतात. यात एकही माणूस जखमी होत नसला तरी सगळ्यांचे काहीतरी बिघडते, असे म्हणता आले असते. मग ग्रेगरींच्या खबरदारीने काही साधले नसते. पण पायस पाचव्यांच्या वारसांनी दोन आधारांतला सोपा, मोजता येण्याजोगा तेवढा उचलला. माणूस मेला की नाही, हे दिसते. प्रेक्षकाचे मन किती राठ झाले, हे कोण मोजणार? माणसावरून फिरवून आणलेली दया सराव म्हणून ठीक. कायद्याचा पाया म्हणून ती फार पातळ पडते.

किती पातळ, ते पुढच्या दोन शतकांत दिसते. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पाच जण एकदम संत म्हणून घोषित झाले: लोयोलाचे इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि माद्रिदचा शेतमजूर इसिद्रो. त्या आनंदात स्पेनमध्ये जे उत्सव झाले त्यांत वळूंचे खेळही होते. म्हणजे ज्यांचे शव आजही जुन्या गोव्याच्या बासिलिकात आहे त्या झेवियरांचा आणि प्राण्यांवर माया करणाऱ्या नेरींचा मान वळूंच्या रक्ताने राखला गेला. इसिद्रोची गोष्ट आणखी विलक्षण. तो प्रार्थनेत गुंतलेला असताना देवदूत खाली उतरून त्याचे बैल हाकत आणि शेत नांगरत, अशी त्याची आख्यायिका. बैलजोडीशिवाय त्याचे चित्र पुरे होत नाही. आणि १९४७ पासून माद्रिदच्या लास व्हेंतास रिंगणात वळूंच्या झुंजींचा जो सगळ्यात मोठा हंगाम भरतो, तो त्याच्याच नावाने.

या साऱ्याहून विचार करायला लावणारा दाखला सारागोसा शहरातला आहे. तिथले वळूंचे रिंगण १७६४ मध्ये रामोन पिन्यातेल्ली यांनी बांधले. ते चर्चचे अधिकारी होते, धर्मगुरूंच्या मंडळाचे सभासद. रिंगण कशासाठी? शहरातल्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाला, ज्याच्या नावातच दया आहे त्या मिसेरिकोर्दियाला, कायमचे उत्पन्न व्हावे म्हणून. रिंगणाला नावही तेच पडले. माद्रिदमध्ये झुंजींचे उत्पन्न इस्पितळांकडे जाई. पाम्प्लोनाचे, संत फर्मिनच्या सणामुळे जगाला ठाऊक झालेले, १९२२ मध्ये उघडलेले रिंगण आजही तिथल्या मिसेरिकोर्दिया या वृद्धाश्रमाच्या मालकीचे आहे. यात ढोंग नाही. पिन्यातेल्लींचा गरिबांविषयीचा कळवळा खरा होता. कालवे खोदून त्यांनी त्या प्रांताला पाणीही मिळवून दिले. माणूस हाच दयेचा एकमेव विषय मानला तर वळूचे मरण हे गरिबाच्या भाकरीचे भांडवल होते, आणि त्यात कोणाला विसंगती दिसण्याचे कारणच उरत नाही. पायस पाचव्यांचे फर्मान आणि पिन्यातेल्लींचे रिंगण मला एकाच हिशेबवहीतल्या दोन नोंदी वाटतात. एकात माणसाचा जीव जातो म्हणून खेळ वाईट, दुसऱ्यात माणसाचे पोट भरते म्हणून खेळ चांगला; वळूच्या नावाचा रकाना दोन्हीकडे कोरा.

हा रकाना भरायला सुरुवात झाली ती उशिरा, आणि झुंजींच्या मुलखाबाहेर. इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी १८४२ च्या एका प्रवचनात निरपराध जनावराच्या छळाची आणि ख्रिस्ताच्या यातनांची सांगड घातली. अर्थात तेव्हा ते अँग्लिकन होते, कॅथलिक झाले ते १८४५ मध्ये. जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध लढणाऱ्या फ्रान्सेस पॉवर कॉब यांच्या संस्थेला कार्डिनल मॅनिंग यांनी आपले नाव आणि वजन दिले. १९१७ च्या धर्मकायद्याच्या संहितेने, तिच्यात न घेतलेल्या सगळ्या जुन्या शिक्षा संपवल्या, आणि त्यात १५६७ च्या शिक्षांचे उरलेसुरले अवशेषही गेले. तरी तीनच वर्षांनी, १९२० मध्ये, व्हॅटिकनचे सचिव कार्डिनल गास्पारी यांनी फ्रान्समधल्या एका प्राणिरक्षण संस्थेला लिहिले, की पायस पाचव्यांप्रमाणे चर्च आजही या रक्तरंजित खेळांचा निषेधच करते. निषेध राहिला, दंड गेला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने, कॅटेकिझमने, आणखी पाऊल टाकले: प्राणी देवाची निर्मिती आहेत, नुसत्या असण्यानेच ते त्याचा गौरव करतात, माणूस त्यांना दयेने वागवायला बांधील आहे. पण पुढच्याच परिच्छेदांत, प्राण्यांना विनाकारण यातना देणे चूक का, तर ते माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे म्हणून, असे येते; अक्वायनस पुन्हा दारात उभे. शिवाय माणसांच्या हालअपेष्टांसाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हा इशाराही आहे. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे 'लाउदातो सी' हे परिपत्रक मला या बाबतीत वेगळे वाटते. प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, माणसाला तो उपयोगी पडतो की नाही यावर ते ठरत नाही, असे ते सरळ म्हणते. पायस पाचव्यांकडे शिक्षा होती, हे वाक्य नव्हते. आता वाक्य आहे, शिक्षा कुठेच नाही, आणि लास व्हेंतासच्या चॅपलमध्ये झुंजीआधी मातादोर अजूनही प्रार्थना करतात.

हा वाद आपल्यापासून फार लांबचा नाही. गोव्यात, विशेषतः सासष्टीच्या किनारी गावांत, धिरयो म्हणजे दोन बैलांची किंवा रेड्यांची झुंज कापणी झालेल्या शेतांत, चर्चच्या फेस्ताच्या सुमारास भरत आली. बघणाऱ्यांत आणि बैल पाळणाऱ्यांत ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही. स्पेनच्या खेळाशी तिची बरोबरी करू नये: इथे जनावर जनावराशी झुंजते, आणि बैलाला मारणे हा खेळाचा शेवट नसतो. डिसेंबर १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी धिरयोत एक माणूस दगावला होता, त्यामुळे प्रकरण तापले, पण निकालाचा आधार त्या माणसाचे मरण नव्हता. आधार होता प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. जनावरांना एकमेकांशी झुंजायला लावणे हाच त्यात गुन्हा. धिरयो पुन्हा सुरू करा, ही मागणी गोव्याच्या विधानसभेत वारंवार उठते. पक्के कुंपण घाला, प्रेक्षकांची सुरक्षा पाहा, पर्यटन वाढेल, असे तिचे युक्तिवाद ऐकले की १५७५ च्या ग्रेगरींच्या अटी आठवतात. पण त्या अटी आता पुरत नाहीत, आणि हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या त्या शर्यती राज्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने परत आणल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तिथेही राजकारणच जिंकले, असे म्हणणारे म्हणोत. पण परवानगीच्या नियमांत काय लिहावे लागले ते पाहा: धाव एक हजार मीटरच्या आत, चाबूक नाही, काठी नाही, विजेचा धक्का नाही, आणि नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम पाळले जातात की नाही, हा भांडणाचा विषय आहे, आणि ते भांडण घाटाघाटांवर चालू आहे. पण सरकारला शर्यतीला होकार द्यायचा होता तेव्हाही बैलाच्या पाठीचा विचार कागदावर करावा लागला. ग्रेगरी तेराव्यांना तो करावा लागला नव्हता.